भात्याचा कॅमेरा

सांगली, रविवार

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "दुकान रिकामं झालं का?" मी "होत आलंय" म्हणालो, ते अर्धं खोटं होतं. राजवाड्याचा पडदा गेला, स्टुलं गेली, ग्लेझिंगच्या प्लेटा गेल्या. राहिलाय तो मोठा कॅमेरा, चाकांच्या स्टँडसकट, आणि एन्लार्जर. म्हणजे दुकान होतं तेवढंच आहे.

मला वाटलं होतं, अडचण वजनाची येईल. पण वजनाचं नाव कुणी काढलंच नाही. ज्याला त्याला त्यातला एक तुकडा हवा. पुण्याच्या एकाला नुसती लेन्स हवी होती. एका हॉटेलवाल्याला स्टँड हवा होता, वर दिवा बसवायला. जुन्या वस्तूंचा एक दलाल तर दारातूनच म्हणाला, "पितळ घासून चकचकीत करा, भाव येईल. भाता फाटका असला तरी चालतोय." त्याला चहासुद्धा विचारला नाही मी. आईला ते आवडलं नाही.

पण भात्याची शंका त्याने मनात सोडली. रात्री दुकान बंद करून, दिवे घालवून, आत पेटता बल्ब सोडला आणि बाहेरून पाहत बसलो. घड्यांच्या कोपऱ्यांवर दोन बारीक चांदण्या दिसल्या. एवढी वर्षं उलटून दोनच! काळ्या कापडाच्या चिंध्या सरसाने चिकटवल्या. अण्णाही असंच करायचे, आठवतं? आणि बाजाची पेटी दुरुस्त करणारे मिस्त्री दुकानात बसलेले असले की म्हणायचे, "तुमचा भाता हवेचा, आमचा अंधाराचा." हा कॅमेरा 'वागीश्वरी', केरळातल्या आलप्पुळाचा, सागवानी. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका घराण्यातूनच तो कारखाना उभा राहिला, हे मला अलीकडे कळलं. अण्णांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. नसेलच, नाहीतर मिस्त्रींना रोज ऐकवलं असतं.

गुरुग्रामला २०१९ साली कॅमेऱ्यांचं आख्खं संग्रहालय उघडलंय. तुझ्या जावयांनी तेच सुचवलं होतं. पत्र लिहायला बसलोही. मग लेन्सचं झाकण काढलं, मागच्या दुधी काचेवर समोरचं औषधांचं दुकान उलटं, रंगीत, स्वच्छ उमटलं, आणि कागद बाजूला ठेवला. बंद पडलेली वस्तू संग्रहालयात बघायला बरी वाटते. ही अजून नोकरीवर आहे.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते कला महाविद्यालयातलं. तीन मुलं आणि एक तरुण सर, टेम्पो ठरवूनच आले. मी म्हटलं, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, या मापाची फिल्म आणणार कुठून? त्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, एक्स-रेची फिल्म कापून घालतो. लाल दिव्यात कापता येते." मला हसू आलं. उटीच्या कारखान्याची 'इंदू' फिल्म वेळेवर आली नाही की अण्णा किती चिडायचे, आणि ही पोरं दवाखान्याच्या मालावर काम भागवतात. शटर नाही हे पाहूनही बिचकली नाहीत. झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं. एकाने दोनदा करून पाहिलं. फार भरभर मोजतो, पण शिकेल.

पैसे घेतले नाहीत. अट एकच घातली: काचेच्या कपाटात ठेवायचा नाही.

एन्लार्जरला मात्र वाली नाही. त्यांच्या डार्करूमचं छत त्याला बुटकं पडतं. त्यातली कंडेन्सरची भिंगं काढून मुलांना देतो आणि बिडाचा सांगाडा भंगारात घालतो. तुकडे करायचे नाहीत म्हणून दलालाला हाकलणारा मीच, हे तू बोलून दाखवशील, म्हणून आधीच लिहितो. वापरलेल्या हायपोतली चांदीसुद्धा वाया न घालवणाऱ्या माणसाचा मी मुलगा आहे. भिंगं तरी वाचवू दे.

निगेटिव्हच्या पेट्या देणार नाही. त्यात लोकांच्या घरच्या लेकीसुना आहेत. त्यांचं काय करायचं ते तू आलीस की ठरवू.

कॅमेरा गुरुवारी जातोय. लेन्स काढून अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळली आहे, भाता मिटून दोरी बांधली आहे. एकच वस्तू सापडत नाही: वरून काळा, आतून लाल, आईने शिवलेला तो डोक्यावर घ्यायचा कपडा. मी माळा पालथा घातला. आई म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा तूच बॅगेत घालून नेलास, आणि तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. खरं असेल तर आणतेस का? भरउजेडात त्याच्याशिवाय काचेवर काहीच दिसत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या कापडातून उजेड झिरपतो, मी आणून पाहिलं.

बुधवारच्या रात्रीच्या गाडीने निघालीस तरी चालेल.

तुझा,
बाळू