चित्राची पाठ



आम्हा बडोदेकर मराठी पोरांचं म्युझियम म्हणजे देवमाशाचा सांगाडा. कमाटीबागेत जायचं, सांगाडा बघायचा, ममीला घाबरायचं आणि चित्रांच्या दालनातून पळत सुटायचं. चित्रं बघायला मी शिकलो ते बँकेतून रिटायर झाल्यावर. आता शहरात कुठे नवं प्रदर्शन लागलं आणि क्युरेटरचं व्याख्यान आहे असं कळलं की मी वही घेऊन जातो. सकाळी फिरायला येणारे मित्र चेष्टा करतात, "बी.कॉम. माणसाला त्यात काय कळतं?"

कळतं की! क्युरेटर करतात ते म्हणजे आमचा सर्च रिपोर्ट. घरावर कर्ज देताना आम्ही घराचा रंग बघत नव्हतो. कोणी कोणाकडून घेतलं, कधी घेतलं, मधला एखादा कागद गायब आहे का, ते बघत होतो. हे लोकही चित्र आधी उलटं करतात. पाठीवरची चिठ्ठी, चौकटवाल्याचा शिक्का, जुन्या यादीतला नंबर, सगळं तपासतात. टायटल क्लिअर नसेल तर तसं सरळ सांगतात, हे मला फार आवडतं.

आपल्या पिक्चर गॅलरीचंच बघा. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि गॅलरी उघडली १९२१ मध्ये. सयाजीराव महाराजांसाठी युरोपातली चित्रं निवडली होती लंडनच्या स्पीलमन नावाच्या कलासमीक्षकाने, पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि चित्रं तिकडेच अडकली. माल घेतलेला, गोदाम तयार, आणि डिलिव्हरी नाही! आमच्या फॉरिन एक्स्चेंजवाल्यांना ही गोष्ट सांगितली की ते अजून हसतात.

पण लिहायला बसलो ते राजा रविवर्म्यांवरच्या व्याख्यानामुळे. महाराजांनी त्यांना १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं, ते १८९० मध्ये पुरं झालं. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका त्यातलीच. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळ चित्रं राजवाड्यात आणि छापील देव घरोघरी, अशी ती वाटणी. बोलणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, छापखान्याचं नाव खालच्या पांढऱ्या पट्टीत असायचं, पण चौकट करताना पुष्कळदा ती पट्टीच कापली जायची. आणि घरच्या बायका चित्रातल्या देवीला खरी जर, टिकल्या, मणी लावून सजवायच्या.

मी खुर्चीत ताठ बसलो. आमच्या दांडिया बाजारच्या घरात अशीच जरीची लक्ष्मी आहे. ते घर आता बिल्डरकडे जायचंय. चिरंजीव पुण्याहून म्हणतात, "बाबा, त्याला कसर लागलीय, नवीन प्रिंट काढून देतो." जुन्या बाजारातला एक व्यापारी तर नुसत्या चौकटीसाठी ते मागत होता.

प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. ती जर काढून चित्र साफ करावं का? ती म्हणाली, "काका, बिलकुल नाही. जर कोणी लावली, ते विचारून लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा, शाई फुटते. आणि ओलीच्या भिंतीला लावू नका."

घरी येऊन जपून पाठ उघडली. खालची पट्टी कापलेलीच निघाली. म्हणजे ती रविवर्मा प्रेसची आहे असं मी म्हणणार नाही, टायटल अपुरं. मग अक्काला फोन लावला. अक्का ८४ वर्षांची, इंदूरला असते. जर आजीने लावली असणार अशी माझी समजूत.

"आजी कुठली? आईने लावली ती," अक्का म्हणाली. "बाबा आजारी होते, तेव्हा आईने लग्नाचा शालू जुनी जर घेणाऱ्याला दिला. तो जाळून चांदी काढतात ना. द्यायच्या आधी वीतभर काठ कापून घेतला आणि लक्ष्मीला लावला. तुला सांगायचं नाही म्हणाली होती."

"मला का नाही?"

"तुझी कॉलेजची फी होती ती."

मी बराच वेळ काही बोललो नाही. अक्काही बोलली नाही, पण फोन तिने ठेवला नाही.

साल तिला नक्की आठवेना. मी कॉलेजात गेलो ते १९६७ मध्ये, म्हणून कागदावर पेन्सिलने 'अंदाजे १९६७' लिहिलं, खाली 'माहिती अक्काकडून' असं लिहून आजची तारीख घातली आणि कागद पाकिटात घालून पाठीमागे ठेवला. चिरंजीवांना चित्राच्या पाठीचा आणि कागदाचा फोटो पाठवला. रात्री त्यांचा उलट फोन आला. नव्या प्रिंटचं काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, नव्या फ्लॅटमधली कोणती भिंत कोरडी आहे.