सफ्रनबोलूच्या खिडक्या

अंकाराहून बसने साधारण तीन तासांत आम्ही सफ्रनबोलूला उतरलो. तुर्कस्तानच्या सफरीत हे गाव आम्ही दोघांनी घातलं ते केवळ फोटोंसाठी. लाकडी सांगाड्याची उस्मानी काळातली घरं इथे शेकड्यांनी उभी आहेत आणि 1994 पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. केशराच्या व्यापारावरून गावाला नाव मिळालं. केशर अजूनही विकतात, भाव मात्र विचारू नका.

जुन्या वस्तीला चार्शी म्हणतात, म्हणजे बाजार. ती खोल दरीत आहे. कारवाँच्या वाटेवरची जागा, म्हणून 17व्या शतकातली दगडी सराय, हमाम आणि कोप्रुलू मेहमत पाशांची मशीद, सगळं हाकेच्या अंतरावर. श्रीमंत कुटुंबं हिवाळ्यात या आडोशाच्या दरीत राहत आणि उन्हाळ्यात वर बागांमधल्या दुसऱ्या घरी जात.

फोटो काढणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. दरीत सकाळचं ऊन उशिरा उतरतं आणि उतरलं की चुन्याच्या पांढऱ्या भिंती डोळे दिपवतात. भिंत नीट आली तर खिडक्या काळ्याकुट्ट, खिडक्या आल्या तर भिंत जळालेली. गल्ल्या इतक्या अरुंद की पूर्ण घर बसवायला कॅमेरा वर उचलावा लागतो, मग घर मागे कलंडल्यासारखं दिसतं. शेवटी असरनंतर हिदिरलिक टेकडीवर गेलो. (हे नाव खिज्र अलैहिस्सलाम यांच्यावरून आलंय.) तिथून कौलांचं आख्खं गाव तिरप्या उन्हात हवं तसं मिळालं.

घराची रचना पडझडीच्या जागीच नीट कळते. तळमजला दगडी आणि रस्त्याकडे जवळजवळ बंद. वर लाकडी खांब, त्यांना तिरपे दांडे, मधल्या चौकटींत कच्च्या विटा, त्यावर माती आणि चुना. गिलावा निखळतो तिथे ही हाडं दिसतात. वरचे मजले आधारांवर गल्लीत पुढे झुकलेले. त्यामुळे आतल्या बाईला पडद्याआडून दोन्हीकडचा रस्ता दिसतो, पण रस्त्यावरच्याला ती दिसत नाही.

आमची चूक इथेच झाली. दुसऱ्या दिवशी एका उघड्या खिडकीत एक आजी गादी झटकत होत्या. प्रकाश सुरेख होता, आम्ही विचार न करता बटण दाबलं. आजींनी पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात सलाम आणि परवानगीशिवाय जाऊ नये अशी ताकीद आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं. लेन्सने तर उंबरा न ओलांडताच आत जाता येतं.

दार वाजवलं. तरुण सूनबाई आल्या. सलाम केला, फोटो त्यांच्यासमोर पुसला. तुर्की आम्हाला येत नाही, पण ‘मिसाफिर’ हा शब्द लगेच कळला. आमच्यापैकी एकीला वर नेलं, दुसऱ्याला खाली ‘हयात’मध्ये बसवून चहा दिला. होय, तळमजल्याच्या अंगणवजा जागेला तिकडे हयातच म्हणतात.

वर मधल्या मोठ्या दालनाभोवती खोल्या. पूर्वी एकेक खोली एकेका जोडप्याचा संसार असायची. भिंतीलगत बैठक, शेकोटी, गाद्या ठेवायचं कपाट आणि त्याच कपाटात दार लावून गुस्ल करण्याची चिमुकली न्हाणी! एकत्र कुटुंबात नव्या सुनेची लाज राखणारा हा सुतार कोण होता, त्याला सलाम. बायकांच्या आणि पुरुषांच्या भागांमधल्या भिंतीत फिरतं कपाट असे, असं संग्रहालय केलेल्या एका घरात आदल्या दिवशी पाहिलं होतं. आतून ताट ठेवायचं, कपाट फिरवायचं, मेहमानांपुढे जेवण हजर.

आजींनी स्वतः कपाट उघडून न्हाणी दाखवली आणि खिडकीकडे बोट करून हसल्या. कॅमेरा खाली, चहाच्या पेल्याशेजारी होता.

घरी आल्यावर अम्मींना तीनशे फोटो दाखवले. भिंती, कौलं, मशिदीचा घुमट. त्या म्हणाल्या, "आणि ते न्हाणीचं कपाट?" त्याचं चित्र आम्ही वहीच्या पानावर काढून दिलं, जमेल तसं.