ऑइल कूलर बसवायच्या आधी ऑइलचं तापमान मोजा



कांद्याचा हंगाम आला की गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो, "घाटात गाडी तापते, ऑइल कूलर बसवून घ्या." पुतण्याच्या पिकअपलाही तोच मिळाला. पैसे जाणार होते बियाण्याचे, म्हणून म्हटलं आधी मोजू.

डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. त्यामुळे चेंबरच्या ड्रेन नटच्या जागी सेन्सर टाकून वेगळा मीटर लावला. नाशिकहून वाशीला जाताना कसारा घाट उतरायचा असतो. म्हणजे भरलेली गाडी उतरते, चढते ती रिकामी! मीटर ९५ ते १०५ अंशांत राहिला, भर उन्हात चढाला ११० झाला.

एवढं तापमान ऑइलला लागतंच. १००च्या आसपास गेलं की ऑइलमध्ये साचलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. ऑइल कायम थंड राहिलं तर गाळ धरतं. १२०-१२५च्या वर तासन्‌तास राहिलं तर मात्र धोका. ढोबळ हिशेबाने पुढच्या दर १० अंशांना ऑइल खराब व्हायचा वेग दुप्पट होतो, शिवाय पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला नीट सांभाळत नाही.

बऱ्याच डिझेल इंजिनांना फिल्टरजवळ कंपनीचाच चपटा कूलर असतो, त्यातून रेडिएटरचं पाणी फिरतं. पुतण्याच्या गाडीलाही तो निघाला. वरून दुसरा बसवला की पाइप आणि जोड वाढतात. त्यातला एक जरी रस्त्यात फुटला तर ऑइल सांडून इंजिन जाम.

खरी काळजी ट्रॅक्टरची. मे महिन्यात रोटाव्हेटरला इंजिन पूर्ण ताणावर, चाल मंद, समोरून वारा नाही, आणि जाळीत भुसा. तिथे रोज जाळी साफ करा, हवा पंख्याच्या बाजूने बाहेर मारा (इंजिन बंद करून). फॅन बेल्टचा ताण बघा. ऑइलची पातळी सकाळी थंड इंजिनावर तपासा. ग्रेड पुस्तकात दिलाय तोच टाका, १५ डब्ल्यू ४० सांगितलं असेल तर तेच.

एवढं करूनही मीटर रोज १२०च्या वर जात असेल, तर कूलरचा खर्च जरूर करा. नुसत्या सांगण्यावरून नको.

कुणी ट्रॅक्टरला असा मीटर लावला असेल तर रोटाव्हेटरवरचे आकडे जरूर कळवा.