आमचें सकाळचें टपाल

नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें. त्याच्या टेबलांवर आमच्या घरांतील तीन पिढ्यांचीं कोपरें घासलीं गेलीं आहेत, तेव्हां वाचनाचें व्यसन आम्हांस वारशानेंच मिळालें असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु रसायनशास्त्राचे अध्यापक झाल्यावर तेवढ्यावर भागेना. नवें संशोधन काय झालें हें कळावयाचें, तर पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयांत जावें लागे. पहाटेची एस.टी. धरावी, सिन्नर-संगमनेर करीत दुपारपर्यंत पोंचावें, आणि परदेशांतून आलेले अंक संध्याकाळपर्यंत चाळावे. तेथेंच आम्हीं ‘करंट कंटेंट्स’ प्रथम पाहिलें. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेची ती चिमुकली साप्ताहिक पुस्तिका. तींत लेख नसत. निरनिराळ्या नियतकालिकांच्या नुसत्या अनुक्रमणिका असत. त्या पाहून हव्या त्या लेखकास कार्ड धाडावें, आणि दोन-तीन महिन्यांनीं लेखाची छापील प्रत आली तर आली. (आलेल्या पाकिटावरील तिकिटांसाठीं मुलांत मारामारी व्हावयाची. लेखाचें कौतुक घरांत कोणासच नसे.)

आज निवृत्तीनंतर तेंच काम आम्ही गंगापूर रोडवरील आमच्या खोलींत बसून करतों, आणि तें ज्यामुळें साधतें त्या साधनास फीड-रीडर म्हणतात. एखादा भारदस्त मराठी शब्द योजावा असें पुष्कळ मनांत आलें, परंतु घरांत लहानथोर सारे ‘फीड’च म्हणूं लागले, तेव्हां आमचा नाइलाज झाला. हें साधन आमच्या पुतण्यानें दिलें. आम्ही रोज सकाळीं वीस संकेतस्थळें एकामागून एक उघडतों हें पाहून तो म्हणाला, “काका, वीस घरीं माधुकरी मागत कां हिंडतां? ती घरीं येऊं द्या कीं!”

यांतील युक्ति अगदीं साधी आहे. प्रत्येक नियतकालिक आपल्या संकेतस्थळावर एक यादी ठेवतें: नव्या लेखाचें नांव, तारीख, थोडका गोषवारा आणि मूळ लेखाचा पत्ता. आपण नोंदविलेल्या अशा सर्व याद्या रीडर वरचेवर जाऊन पाहून येतो व नवें तेवढें तारीखवार मांडून ठेवतो. नेटस्केप कंपनीनें १९९९ सालीं ही पद्धति काढली. ‘पबमेड’ ह्या वैद्यकीय सूचींत तर आपण एखादा शब्द शोधला कीं त्या शोधाचीच फीड करून घेतां येते. भ्रमणध्वनीवर आपणांस काय आवडेल याचा कयास बांधून कोणी तरी आपल्यापुढें ताट वाढीत असतो. येथें मागितलें तेवढेंच आणि आलें त्या क्रमानेंच मिळतें. आमचा पहिला रीडर गूगलचा होता. तो २००५ सालीं निघाला आणि १ जुलै २०१३ रोजीं बंद झाला. परंतु आपल्या सर्व नोंदी एका फाइलींत उतरवून दुसऱ्या रीडरांत नेतां येतात, म्हणून बिऱ्हाड बदलण्यापलीकडे आम्हांस कांहीं तोशीस पडली नाहीं. चार दिवस कोठें लग्नकार्यास जाऊन आलें कीं न वाचलेल्या लेखांचा आकडा थकलेल्या बाकीसारखा अंगावर येतो, ही एक पीडा आहेच.

परंतु ज्या प्रसंगासाठीं लेखणी हातीं घेतली, तो २०२० च्या मे महिन्यांतील. सौभाग्यवतींस कित्येक वर्षांचा संधिवात. त्यावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी रोज चालू. त्याच गोळीचा करोनावर उपयोग होतो असा तेव्हां गवगवा झालेला. टाळेबंदींत ती मिळवितांना नाकीं नऊ आले होते. अर्थातच त्या नांवाची फीड आम्हीं करून ठेविली होती. २२ मे रोजीं लंडनच्या एका जुन्या वैद्यकीय नियतकालिकांत लेख आला. सहाशें एकाहत्तर रुग्णालयें, शहाण्णव हजारांवर रुग्ण. आणि निष्कर्ष असा कीं, ही गोळी दिलेल्यांत मृत्यु अधिक व हृदयाचे ठोके बिघडण्याचें प्रमाणही अधिक. त्या रात्रीं साऱ्या नाशकांत तो लेख वाचणारे आम्हीच पहिले असूं, असा, खोटें कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्हीं गोळी बंद करण्याचें फर्मान काढलें.

“डॉक्टरांना विचारूं या का?” इति सौभाग्यवती.

“त्यांच्यापर्यंत हें पोंचावयास आठ दिवस लागतील,” आम्ही उत्तरलों.

२५ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या चाचणींतील ती गोळी तूर्त थांबविल्याचें जाहीर केलें, आणि मग काय विचारतां! कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-मंडळांत आम्हीं तो लेख धाडला. तेथून तो किती घरीं गेला असेल देव जाणे.

त्यानंतर फीडमध्यें निराळेच सूर येऊं लागले. शंभरांवर शास्त्रज्ञांनीं संपादकांस उघडें पत्र लिहिलें. आंकडे पुरविणारी कंपनी मूळ नोंदी कोणासच दाखवीना; ऑस्ट्रेलियांतील मृत्यूंची तिची बेरीज तेथील सरकारी बेरजेहून मोठी भरत होती. ३ जून रोजीं संघटनेनें चाचणी पुनः सुरू केल्याचें सांगितलें. ४ जून रोजीं चौघांपैकीं तिघा लेखकांनीं लेखच मागें घेतला. मूळ लेख ज्या अक्षरांत आला होता, त्याच अक्षरांत, त्याच यादींत ती ओळ आली. आम्हीं तीही मंडळांत धाडली. दोघांनीं हात जोडल्याचें चित्र पाठविलें. पहिला लेख मात्र पुढें कित्येक दिवस निरनिराळ्या नातेवाइकांकडून आमच्याकडेच परत येत होता!

खालच्या मानेनें आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. सुदैवानें हें औषध शरीरांत पुष्कळ दिवस टिकतें, तेव्हां बारा-तेरा दिवसांत फारसें बिघडलें नसावें, असा शास्त्रीय दिलासा देण्यास आम्हीं प्रारंभ केला. सौभाग्यवतींनीं मेतकुटाच्या डब्यामागून गोळ्यांची पट्टी काढून पुढें ठेविली. एकही दिवस खंड पडलेला नव्हता. पहिल्याच दुपारीं त्यांनीं डॉक्टरांस फोन केला होता. “तो लेख करोनानें रुग्णालयांत पडलेल्यांविषयीं आहे, तुमचा आजार वेगळा. गोळी सोडूं नका, टाळेबंदी उठली कीं हृदयाचा आलेख काढूं,” असें त्यांनीं सांगितलें होतें.

“मग आम्हांस कां नाहीं सांगितलें?”

“तुम्ही वाचीत होतां,” त्या म्हणाल्या, आणि कुकरकडे वळल्या.

सध्यां आमच्या रीडरांत अडतीस फीड आहेत. मागें घेतलेल्या शोधनिबंधांचा मागोवा घेणारें ‘रिट्रॅक्शन वॉच’ हें अमेरिकेंतील स्थळ २०१० सालीं निघालें; त्याची फीड आम्हीं सर्वांत वर लाविली आहे. चहाचा पेला टेबलावर ठेवतांना सौभाग्यवती रोज विचारतात, “आज कोणी काय मागें घेतलें?”