शब्दाच्या कुंपणाबाहेरचे मृत

काही शब्द लोकांच्या बोलीतून आपसूक उगवतात, काही शोकातून घडवावे लागतात. ‘जेनोसाइड’ हा दुसऱ्या प्रकारचा. पोलंडमधील ज्यू विधिज्ञ राफाएल लेम्किन यांनी ग्रीक ‘गेनोस’ला हत्यावाचक लॅटिन प्रत्यय जोडून तो सिद्ध केला आणि १९४४ साली ग्रंथातून मांडला. नाझींच्या संहारात त्यांचे आईवडीलही गेले.

९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने या शब्दाला कायद्याची चौकट दिली. राष्ट्रीय, वांशिक, मानववंशीय किंवा धार्मिक समूहाला, केवळ तो समूह म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू ही तिची कसोटी. राजकीय समूहांचा उल्लेख मसुद्यात होता; सोव्हिएत संघासह काही राष्ट्रांच्या विरोधामुळे तो अखेरीस गळाला.

या वगळण्याचा अर्थ कंबोडियात उमगला. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत उपासमार, वेठ, रोगराई आणि वध यांनी सुमारे १५ ते २० लाख माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य, मारणाऱ्यांप्रमाणेच, ख्मेर होती. मग हा संहार कोणत्या वंशाचा? फ्रेंच पत्रकार झाँ लाकूत्युर यांनी ‘स्ववंशसंहार’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. इतिहासकार बेन किर्नन यांनी राजवटीच्या वंशवादी विचारावर बोट ठेवले. अन्य अभ्यासकांना मात्र वर्गशत्रूंच्या हत्येस हा शब्द लावणे अप्रस्तुत वाटले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथील विशेष न्यायालयाने व्हिएतनामी व चाम या समूहांच्या संदर्भात तो शब्द उच्चारला. ख्मेर मृतांच्या वाट्याला ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ही संज्ञा आली.

शब्दाची धार राखू पाहणाऱ्यांना भय आहे ते असे, की प्रत्येक कत्तलीस तो लावला तर हेतू सिद्ध करण्याची जबाबदारीच संपेल. त्याचा विस्तार मागणाऱ्यांचा प्रश्नही तितकाच प्रामाणिक आहे : राज्यसत्तांनी आपल्या सोयीने घातलेले कुंपण मृतांनी का मानावे?

मराठीत हा वाद भाषांतरकाराच्या लेखणीशी येऊन थांबतो. ‘नरसंहार’ म्हटले की मेलेल्यांची संख्या डोळ्यांपुढे येते. ‘वंशसंहार’ म्हटले की मारणाऱ्याचा हेतू. अनेकदा एकाच लेखात दोन्ही शब्द केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी आलटूनपालटून येतात, आणि न्यायालयाला वर्षानुवर्षे पुरावे तपासून जो निर्णय द्यावा लागला, तो नकळत एका ओळीत दिला जातो. कंबोडियाचा वृत्तान्त मराठीत आणणाऱ्याने त्या ओळीपाशी थोडे थांबावे. कुंपणाबाहेर राहिलेल्या त्या ख्मेर शेतकऱ्यांची, शिक्षकांची, भिक्षूंची तेवढी मागणी रास्त आहे.