पाणचक्कीवर सापडलेला प्रश्न

भूगोलात एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो, एवढेच आम्हा दोघी मैत्रिणींना ठाऊक होते. विषय लगेच ठरवला : ‘औरंगाबाद शहराचा पाणीपुरवठा – एक भौगोलिक अभ्यास’. सरांनी कागद वाचून परत दिला. म्हणाले, “हा मथळा झाला. यात प्रश्न कुठे आहे? तुम्हाला नेमके काय कळलेले नाही, ते लिहून आणा.”

घरी बसून काही सुचेना. म्हणून एका रविवारी फजरनंतर पाणचक्की गाठली.

शाळेच्या सहलीत पाहिलेली जागा नव्याने पाहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे हे आवार खाम नदीच्या काठी आहे. उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून इथवर आणले गेले. ते उंच भिंतीवर चढते, तिथून हौदात कोसळते आणि त्याच जोरावर जाते फिरत असे. त्या पिठाच्या भाकरी फकीर व मुसाफिरांच्या पोटात जात. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचे छत. त्यामुळे उन्हाळ्यातही तिथे गारवा राहतो.

या शहराला पाण्याची ही वाट दाखवली ती मलिक अंबरने. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत जमिनीखालून नहर आणली. पंप नाही, इंजिन नाही. डोंगर उंच, शहर खाली, एवढ्याच हिशोबावर पाणी वाहिले. आज आपले पाणी उलट्या वाटेने येते. पैठणचे जायकवाडी धरण शहराहून सखल भागात आहे. तिथून पाणी पंपांनी वर चढवावे लागते.

हौदाच्या कट्ट्यावर बसून आम्ही वहीत प्रश्न लिहू लागलो. ‘नहर कोणी बांधली?’ याचे उत्तर पुस्तकात आहे, तो खोडला. ‘नहरीचे पाणी का कमी झाले?’ चांगला प्रश्न, पण त्याला भूजलाची वर्षानुवर्षांची मोजमापे हवीत; आमच्याजवळ एक वर्ष आणि चार पाय. ‘शहराची पाणीटंचाई कशी दूर होईल?’ हा तर प्रश्नाचा वेश घेतलेला नारा. तोही खोडला.

शेजारी एक वयस्क खाला नातीला घेऊन बसल्या होत्या. आमची वही पाहून त्यांनी विचारपूस केली. आम्ही पाण्याचे नाव काढताच हसून म्हणाल्या, “पानी का क्या पूछते बेटा! आया तो ईद, नहीं आया तो रोजा.” मग नातीकडे बोट दाखवले. नळ येतो त्या दिवशी ही शाळेत जात नाही. आई कामावर, भाऊ शिकवणीला. भांडी भरायला हीच उरते.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. पाण्याच्या दिवशी आमचेही पहिले दोन तास बुडतात. ते इतके अंगवळणी पडले होते की त्यात विचारण्यासारखे काही आहे, हेच आम्हाला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे हा प्रश्न ठेवला : ‘पाणी येण्याच्या दिवशी मोहल्ल्यातल्या मुलींची शाळेतली हजेरी किती घटते, आणि टाकीजवळच्या व नळाच्या टोकाच्या घरांत त्यात फरक आहे का?’ सर प्रथमच थांबले. मग त्यांनीच तीन प्रश्न टाकले. हजेरीपट पाहू द्यायला शाळा राजी होतील का? ज्या मुलींचे नावच पटावर नाही, त्या कशा मोजाल? आणि दोन्ही भागांत फरक निघालाच नाही, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहाल ना?

तिसरा सवाल सर्वांत जड होता. उत्तर आधीच ठरवून निघालेला अभ्यास म्हणजे निकाल लिहून ठेवलेला खटला. आपल्या बाजूने असो वा नसो, साक्ष खरीच द्यावी, हे घरात शिकलोच होतो. ते आकड्यांनाही लागू आहे, हे इथे कळले.

सध्या आम्ही एका मोहल्ल्याचा नकाशा हाताने काढत आहोत : टाकी कुठे, व्हॉल्व्ह कुठे, शेवटचा नळ कुणाच्या दारात. उत्तर अजून माहीत नाही.

पाणी पाजणे हा आपल्याकडे मोठा सदका मानला जातो. मक्केच्या हाजींसाठी नहर बांधणाऱ्या जुबैदा बेगमचे नाव त्यामुळेच आजही घेतले जाते. आम्हाला नहर बांधता येणार नाही. पण हंडा भरताना एखाद्या मुलीचे किती तास वाहून जातात, ते मोजता येईल. आई-वडिलांना एवढीच विनंती : पाण्याच्या दिवशी घरात शाळा कुणाची बुडते, ते एकदा मोजून पाहा. अल्लाह आमच्या मेहनतीत बरकत देवो. आमीन.