साडेआठ इंचांची रिम

टायर बदलायला आलेला माणूस टायरचा आकडा धडाधड सांगतो. रिम किती रुंद आहे, असं विचारलं की गप्प होतो. त्याचाही दोष नाही. टायरचा आकडा भिंतीवर ठळक छापलेला असतो आणि रिमचा असतो आतल्या अंगाला, आऱ्याच्या पाठीमागे, ब्रेकच्या काळ्या भुकटीखाली. ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय तो दिसत नाही. पुण्यात आमच्या दुकानात चाक उतरलं की माझं पहिलं काम ते पुसायचं.

गेली काही वर्षं हे पुसण्याचं काम बीएमडब्ल्यूच्या एम ३४० आयवर बरंच होतं. २०२१ साली ही गाडी चेन्नईत जुळवून इथे विकायला आली. ५०० न्यूटन मीटरचा टॉर्क, चारही चाकांना ताकद, आणि बाहेरून साधी चार दारांची सेडान. घेणारा तरुण असतो, बापाच्या धंद्यातला किंवा आयटीतला, आणि महिन्याभरात त्याला गाडी मागून ‘बारीक’ वाटू लागते. ‘‘काका, मागे २७५ बसतील ना?’’

बसतात. मशीनवर टाकले की बसतात. तिथंच घोळ आहे.

अठरा इंची चाकांवर या गाडीला पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० येतात. पुढची रिम साडेसात इंच रुंद, मागची साडेआठ. आता २५५/४० आर १८ या मापाच्या टायरला टायरवाल्यांच्या तक्त्यात रिम चालते साडेआठ ते दहा इंच. म्हणजे कंपनीनं कारखान्यातच सगळ्यात खालची पायरी धरली आहे. त्याच्या पुढचं माप, २६५/४०, किमान नऊ इंच मागतं. २७५ सुद्धा नऊच्या खाली उतरत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, कंपनीनं कंजूषपणा करून रिमवर जागा रिकामी ठेवली आहे. प्रत्यक्षात रिम गच्च भरलेली आहे.

शिवाय टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक रिमवर मोजलेली असते. २५५ चं माप घेतात नऊ इंची रिमवर, २६५ चं साडेनऊवर. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर सुमारे पाच मिलिमीटर आक्रसतो. २६५ चा टायर आपल्या मापाच्या रिमवर भरतो साधारण २७१. साडेआठवर चढवला की २६१ च्या आसपास येतो. आधीचा २५५ त्याच रिमवर साधारण २५५ च भरतो. पैसे दहा मिलिमीटरचे मोजले आणि पदरात पडले सहा. तेही भिंतीच्या फुगवट्यात, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीत नव्हेत.

हे कागदावर पटत नाही, म्हणून मी खडू काढतो. असा टायर लावलेली गाडी कुणी आणली की नक्षीवर आडवा, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, खडूचा जाड पट्टा ओढायचा. गाडी सपाट फरशीवर सरळ चार हात पुढे ढकलायची. मग वाकून बघायचं. नेहमीच्या टायरवर पट्टा सगळीकडे सारखा पुसट होतो. आवळलेल्या टायरवर मधला भाग साफ पुसला जातो आणि दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा राहतो. नाडी ओढलेल्या बटव्यासारखी त्याची गत होते. तोंड आवळलं की पोट पुढे येतं. बाहेरच्या भिंती बाहेर फुगतात, नक्षी मधोमध उंचावते, आणि ज्या कडांसाठी एवढे पैसे मोजले त्या रस्त्याला जेमतेम टेकतात. ‘‘मग हवा कमी करा ना,’’ असं लगेच येतं. हवा कमी केली की कडा थोड्या टेकतात खऱ्या, पण भिंत आणखी लुळी पडते. घाटात स्टेअरिंग वळवलं की गाडीचं मागचं अंग क्षणभर उशिरा येतं. अशा गाडीची मला स्वतःला चीड येते.

आणि ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी आहे, हे तर कुणाच्या गावीही नसतं. २२५/४५ चा व्यास मांडला तर निघतो ६५९.७ मिलिमीटर, २५५/४० चा ६६१.२. पुढची-मागची चाकं दीड मिलिमीटरच्या फरकात. हा योगायोग नाही. ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये क्लचच्या चकत्या असतात, आणि पुढचा-मागचा फेरा सारखा असला तरच त्या सरळ रस्त्यावर निवांत राहतात. मागे २६५/४० घातला की व्यास ६६९ वर जातो, २७५/४० घातला की ६७७ वर. २७५/३५ घेतला तर उलट ६५० वर येतो. कुठलाही घ्या, एक्स्प्रेसवेवर मुंबईपर्यंत त्या चकत्या एकमेकींवर घासत जाणार, तापत जाणार. टायर स्वस्तात बदलता येतो. ट्रान्सफर केसचं बिल मी एका गिऱ्हाइकाच्या हातात बघितलं आहे. आकडा इथे लिहीत नाही. नुसती मागची चाकं ओढणारी ३३० आय असेल तर हा धोका नाही, बाकीचे सगळे आहेत.

पावसाचं थोडक्यात सांगतो. टायर रुंद झाला की रस्त्यावरचा ठसा आडवा होतो आणि लांबीला कमी. पाणी बाजूला सारायला नक्षीला लांबी लागते. जुलैत लोणावळ्याच्या उतारावर हे कळतं.

दिसण्याच्या हौसेला मात्र मी हसत नाही. मागून रुंद रबर दिसलं की मलाही बरं वाटतं. टायरच्या धंद्यात दुसऱ्या कशासाठी आलो असतो? पण रुंदी हवी तर रिमपासून सुरुवात करा. साडेनऊ इंची रिम घ्या. एक इंच वाढला म्हणजे ऑफसेट तोच ठेवला तरी आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिलिमीटर. आत सस्पेन्शनच्या दांड्यांपाशी माझं बोट शिरतंय का, हे आधी पाहायचं. मागच्या सीटवर तीन माणसं बसवून गतिरोधकावरून न्यायची आणि फेंडरच्या आतलं अस्तर घासलंय का बघायचं. पुढच्या टायरचं मापही मग त्या हिशोबानं बदलावं लागतं, नाहीतर चकत्यांचं रडगाणं आहेच. एवढं ऐकल्यावर निम्मे जण चहा पिऊन निघून जातात.

जे थांबतात त्यांना मी त्याच मापाचा, पण चांगला टायर सुचवतो. भिंतीवर बीएमडब्ल्यूसाठीचा तारा छापलेला असेल तर उत्तम. परवा एकानं ऐकलं. कंपनीचे जुने रनफ्लॅट उतरवताना घाम निघाला. त्यांची भिंत इतकी कडक की मशीनचा दुसरा हात लावल्याशिवाय टायरची बीड, म्हणजे रिमला धरणारी कड, खाली जात नाही, आणि वॉल्व्हपाशी हवेचा सेन्सर बसलेला, त्यामुळे तिथून चार बोटं लांबच दाबायचं. नवे चढवले, दोन्ही बाजूंनी बीड ‘टक्’ करून बसली, बॅलन्स झालं. पोरगा मागे जाऊन उभा राहिला, एकदा वाकून बघितलं.

‘‘काका, दिसतंय तर आधीसारखंच.’’

‘‘दादा, दिसणार आधीसारखंच.’’

बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमानं, टॉर्क रेंचनं १४० न्यूटन मीटरला आवळून दिले आणि शंभर किलोमीटर झाले की पुन्हा दाखवायला या म्हणून सांगितलं.